सहा गाड्यांचे कागद आणि सात ड्रायव्हरांचे डोळे: चिपळूणच्या एका ऑफिसबद्दल

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या घरात शिरलं तेव्हा गाड्यांचे सगळे कागद लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात होते. तिसऱ्या दिवशी गाळ उपसून कपाट उघडलं. परमिटं, टॅक्सच्या पावत्या, इन्शुरन्सच्या पॉलिस्या, ड्रायव्हरांच्या लायसन्सच्या झेरॉक्स, सगळ्याचा मिळून एकच काळा लगदा झाला होता. गाड्या वाचल्या, कारण त्या रात्री चार लोट्याला, म्हणजे जवळच्या औद्योगिक वसाहतीत, उभ्या होत्या आणि दोन घाटावर. कागद पुन्हा जमवायला मला पाच महिने लागले.

हे आधी सांगतो, कारण गाड्यांचे कागद आणि ड्रायव्हरांची तपासणी बघणाऱ्या ज्या ऑफिसबद्दल लिहितोय ते पहिल्या मजल्यावर आहे, जिना उभा आहे आणि माझ्या दोन ड्रायव्हरांची गुडघ्यांवरून त्याबद्दल तक्रार असते. ऑफिस चालवणाऱ्या ताईंना मी एकदा म्हटलं, खाली गाळा का घेत नाही? त्यांनी मला खाली नेऊन दुकानाच्या भिंतीवरची पुराची खूण दाखवली. माझ्या डोक्याच्या वर हातभर. त्यानंतर जिन्याबद्दल मी बोललो नाही.

ऑफिसचं नाव लिहीत नाही, ताईंनी नको सांगितलंय. बहादूरशेख नाक्याच्या आसपास कुठल्याही गॅरेजवर “ड्रायव्हरचे डोळे तपासतात ते ऑफिस” विचारा, दाखवतील.

माझा धंदा छोटा आहे. दोन टेन-टायर ट्रक, एक टँकर, दोन आयशर, एक छोटा हत्ती. लोट्याच्या कंपन्यांचा माल, उन्हाळ्यात वाशी मार्केटला आंब्याच्या पेट्या, मध्येमध्ये चिरा, म्हणजे जांभा दगड. ड्रायव्हर सात, कारण टँकरवर दोघं लागतात. मोठ्या ट्रान्सपोर्टवाल्यांकडे कागद बघायला वेगळा माणूस असतो. आमच्यासारख्यांकडे तो माणूस म्हणजे मालक, आणि मालक कायम फोनवर. सहा गाड्यांच्या इन्शुरन्स, फिटनेस (गाडी चालण्याजोगी असल्याचा दाखला), पीयूसी (प्रदूषणाचा दाखला), टॅक्स, परमिट आणि नॅशनल परमिटचं दरवर्षीचं ऑथोरायझेशन अशा तारखा मांडल्या तर तीस-पस्तीस होतात. वर सात लायसन्सं. यातली एक जरी चुकली तरी रस्त्यात गाडी अडते.

आधी एक एजंट होता. गोड माणूस. फोन केला की काम व्हायचं. ड्रायव्हरचं लायसन्स रिन्यू करायचं असलं की म्हणायचा, माणूस पाठवू नका, भाडं कशाला बुडवता, फोटो आणि आधार पाठवा, मेडिकल मी बघतो. मीही पाठवत राहिलो. त्या मेडिकलवर कुणाची सही असायची, त्या डॉक्टरने माझा ड्रायव्हर कधी पाहिलाय का, हे मी एकदाही विचारलं नाही. आज याची मला लाज वाटते, म्हणून स्पष्ट लिहितोय.

जून २०२३ मध्ये लोट्यातल्या एका कंपनीच्या गेटवरून माझा टँकर परत फिरवला. ड्रायव्हरचं लायसन्स २०२५ पर्यंत चालू होतं. पण धोकादायक माल नेण्याची जी वेगळी नोंद लागते ती बारा दिवसांपूर्वी संपली होती. ट्रान्सपोर्टचं लायसन्स पाच वर्षांचं, तर धोकादायक मालाचं तीन वर्षांचं. दोन्ही मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतरचे आकडे, आधी तीन आणि एक होते. मला पाच माहीत होते, तीन नव्हते. एजंटलाही नव्हते, किंवा असतील तर तो बोलला नाही. पहिल्यांदा ही नोंद घेताना तीन दिवसांचं ट्रेनिंग आणि रिन्यू करताना एक दिवसाचं उजळणी ट्रेनिंग लागतं. म्हणजे आज कळलं आणि उद्या झालं, असं हे काम नाही. टँकर तीन आठवडे उभा राहिला. हप्ता थांबत नाही.

त्या तीन आठवड्यांत एका गॅरेजवाल्याने मला या ऑफिसात पाठवलं.

वर गेलो तर भिंतीवर पांढरा बोर्ड, गाड्यांचे नंबर उभे, तारखा आडव्या. ताईंनी माझ्याकडचे सगळे कागद टेबलावर पसरले आणि दोन तास एक शब्द बोलल्या नाहीत. नुसतं वहीत उतरवून घेत होत्या. मग म्हणाल्या, “काका, तुमच्या मोठ्या टेन-टायरला आठ वर्षं झाली की नाही?” झाली होती. आठ वर्षांपर्यंत फिटनेस दोन वर्षांचा मिळतो, त्यानंतर दरवर्षी गाडी पासिंगला लावायची. मी सवयीने पुढच्या वर्षाची तारीख धरून बसलो होतो. फिटनेस संपायला अकरा दिवस होते. एवढ्या एका गोष्टीवर मी त्यांच्याकडे काम दिलं.

पैसे गाडीमागे महिन्याला ३०० रुपये आणि ड्रायव्हरमागे वर्षाला १,००० रुपये, त्यात दोन तपासण्या. सरकारी फी वेगळी, पावतीसकट. माझे वर्षाला २८,६०० रुपये होतात. लहान मालकाला हा आकडा टोचतो, मलाही टोचला. पण टँकर तीन आठवडे उभा होता त्यात याच्या दुप्पट गेले होते.

कागदांचं काम त्या कसं करतात ते थोडक्यात सांगतो, कारण ते चांगलं आहे पण खरी गोष्ट पुढे आहे. तारखेच्या दीड महिना आधी फोन, मग पंधरा दिवस आधी, मग आठवडाभर आधी रोज. मेसेज ड्रायव्हर वाचत नाहीत म्हणून आता व्हॉइस मेसेज, तोही चिपळुणी बोलीत. २०१८ पासून डिजिलॉकर आणि एमपरिवहन या मोबाइल अ‍ॅपमधले कागद चालतात, पण कुंभार्ली घाटाच्या वळणांवर नेटवर्क शोधत पोलिसासमोर उभं राहण्यापेक्षा प्रत्येक केबिनमध्ये प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये छापील संच ठेवलेला बरा, हा त्यांचा हट्ट आहे. टँकरमध्ये त्या संचाच्या वर ट्रेम कार्ड, म्हणजे माल सांडला किंवा पेटला तर काय करायचं ते सांगणारा कागद, ड्रायव्हरला वाचता येईल अशा मराठीत. सगळं त्यांच्याकडे कॉम्प्युटरवर आणि दुसरी प्रत घाटावर, कराडला त्यांच्या माहेरी. पूर आला तरी आता माझे कागद जाणार नाहीत.

लायसन्सबद्दल त्यांनी सांगितलेली एक गोष्ट सगळ्या मालकांनी ऐकावी. पूर्वी लायसन्स संपल्यावर तीस दिवस चालवून घ्यायचे. २०१९ च्या दुरुस्तीत ते तीस दिवस गेले. संपायच्या वर्षभर आधीपासून अर्ज करता येतो. संपल्यानंतरही वर्षभर करता येतो, पण दरम्यान गाडी चालवायची नाही, आणि वर्ष उलटलं तर परत ड्रायव्हिंगची परीक्षा. संपलेल्या लायसन्सवर गाडी असताना अपघात झाला तर कोर्ट अनेकदा विमा कंपनीला सांगतं की जखमी माणसाला पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. मालक म्हणजे आपण. सहा गाड्यांच्या धंद्यात असा एक दावा आला तर दुसऱ्या दिवशी धंदा राहत नाही.

आता तपासणीकडे येतो.

ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं की मेडिकलला माणूस आल्याशिवाय त्या कागदाला हात लावणार नाहीत. महिन्यातून दोनदा त्यांच्याकडे एक एमबीबीएस डॉक्टर बसतात, गुरुवारी डोळे तपासणारे येतात. मी म्हटलं, सातही ड्रायव्हर एका दिवशी कसे आणू, गाड्या उभ्या राहतील. त्या म्हणाल्या, “गणपतीत आणा. तेव्हा तुमच्या गाड्या तशाही उभ्याच असतात.” दरवर्षी गणपतीला मुंबई-गोवा हायवेवर अवजड गाड्यांना बंदी येते, तेव्हा आमचे ट्रक चार-पाच दिवस हलत नाहीत. ड्रायव्हर गावातच असतात. इतकी वर्षं ते दिवस मी नुकसानीत धरत होतो.

सप्टेंबर २०२३, गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर आले. ऑफिसच्या मागे एका वखारीचं अंगण आहे. तिथे ताईंनी टेपने मोजून २५ मीटरवर पांढऱ्या रंगाची पट्टी मारलीय. पट्टीच्या दुसऱ्या टोकाला भिंतीवर गाडीची नंबर प्लेट, आणि ती खिळ्यावर अडकवलेली, म्हणजे बदलता येते. लायसन्सच्या अर्जासोबत जो नमुना १ आपण न वाचता सही करून देतो त्यात हाच प्रश्न आहे: चांगल्या उजेडात, चष्मा असेल तर चष्म्यासकट, २५ मीटरवरची नंबर प्लेट प्रत्येक डोळ्याने वाचता येते का.  त्याच कागदावर फिट येते का, चक्कर येते का, लाल-हिरवा ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, हॉर्न ऐकू येतो का, हात-पाय नीट चालतात का, हेही आहे. आम्ही सगळे तिथे टिक करून मोकळे होतो.

तात्या आमचे टँकरचे जुने ड्रायव्हर. वय ५४. त्यांना मी नावाने हाक मारत नाही, वडिलांच्या वेळेपासून आहेत. ते पट्टीवर उभे राहिले, डावा डोळा हाताने झाकला आणि सहज वाचून दाखवलं. मग उजवा झाकला. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग वाचलं, बरोबर वाचलं. ताईंनी काही न बोलता भिंतीकडे जाऊन प्लेट बदलली. तात्या पुन्हा तोच पहिला नंबर म्हणाले.

अंगणात आम्ही दहाजण होतो, कुणी बोललं नाही. तात्यांनी हात खाली घेतला आणि माझ्याकडे बघितलं. “मालक, दिसतंय हो मला. ईस वर्सं घाट उतरतोय मी.” त्यांच्या खिशातलं लायसन्स चालू होतं. २०२० चं मेडिकल सर्टिफिकेट फाइलला होतं, सहीशिक्क्यासकट, एजंटने आणलेलं. परशुराम घाट रात्री उतरताना त्यांच्या पाठीमागे बारा हजार लिटर होतं.

मला वाटलं आता चष्मा देतील आणि काम संपेल. गुरुवारच्या डोळेवाल्यांनी चष्मा द्यायला नकार दिला. म्हणाले, आधी साखर बघा. बोटाला टोचून बघितली तर ३४० च्या पुढे. त्यांनी जे समजावलं ते मी तसंच सांगतो, कारण कुणाच्या तरी उपयोगी पडेल: रक्तातली साखर खूप वाढली की डोळ्यातलं भिंग फुगतं आणि नंबर बदलतो. साखर उतरली की नंबर पुन्हा बदलतो. आज चष्मा केला तर दोन महिन्यांनी तो चुकीचा ठरेल आणि माणूस चुकीचा चष्मा लावून गाडी चालवेल. म्हणून आधी साखर खाली, ती पाच-सहा आठवडे स्थिर, मग डोळे.

मी घरी येऊन नमुना १-अ शोधून वाचला, तो डॉक्टरने भरायचा असतो. ट्रान्सपोर्टच्या लायसन्सला तो लागतो, आणि चाळिशीनंतर सगळ्यांनाच. दृष्टी आहे, रंग आहेत, ऐकणं आहे, हात-पाय आहेत, हवा असेल तर रक्तगट लिहायला जागा आहे. साखर नाही. रक्तदाब नाही. झोप नाही. म्हणजे डॉक्टरने अगदी प्रामाणिकपणे भरला असता तरी त्या दिवशी तात्यांचा डोळा सापडला असता, डोळ्यामागचं कारण सापडलं नसतं. आणि पुढचा कागद पाच वर्षांनी. ४९ वर्षांचा ड्रायव्हर आणि ५४ वर्षांचा ड्रायव्हर हे एकच शरीर नसतं, हे आपल्याला कळायला कायदा कशाला पाहिजे? पण मला कळलं नव्हतं.

इथे या ऑफिसची जी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते ती येते. तपासणीच्या आधी ताईंनी माझ्याकडून एक कागद सही करून घेतला होता. रिपोर्ट ड्रायव्हरच्या हातात जाईल, मालकाच्या नाही. मालकाला तीनपैकी एकच गोष्ट कळेल: चालवू शकतो, अमुक तारखेपर्यंत थांबावं, किंवा अमुक काम देऊ नये. आणि थांबावं लागलं म्हणून मालक त्याला काढणार नाही, निदान दोन महिने. मी चिडलो होतो. पैसे मी देतो, गाडी माझी, माणूस माझा, आणि रिपोर्ट मला नाही? ताई म्हणाल्या, “काका, मग ते येतील, पण खरं सांगणार नाहीत. पाठ करून येतील.” तात्यांनी प्लेट पाठ केलीच होती. कागदावर सही नसती तर पुढचं तेही बोलले नसते, आणि साखरेचं मला आज जे माहीत आहे ते सगळं त्यांनी आपणहून सांगितलेलं आहे, हे इथे लिहायलाही त्यांनी हो म्हटलंय.

ड्रायव्हरच्या मनात मेडिकल म्हणजे नोकरी जाणार, एवढंच असतं. त्यामुळे तो चष्मा लपवतो, गोळ्या क्लीनरच्या पिशवीत ठेवतो, चक्कर आली तर ऊन लागलं म्हणतो. भीती काढली नाही तर तपासणी कितीही चांगली केली तरी समोर खोटा माणूस उभा राहतो. लहान मालकांना मी हेच सांगेन की हा कागद सही करायला जड जातो, तरी करा.

तात्या पंधरा दिवस घरी होते, अर्धा पगार मी दिला, मग दिवसाचं गावातलं काम. सात आठवड्यांनी परत डोळे तपासले तेव्हा नंबर पहिल्यापेक्षा बराच कमी निघाला. चष्मा झाला. ताईंनी पुन्हा अंगणात नेलं, प्लेट तीन वेळा बदलली, तिन्ही वाचल्या. ते परत टँकरवर चढले त्या दिवशी मी नारळ फोडला.

पण गोळ्या सुरू झाल्या की दुसरी काळजी सुरू होते, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. साखरेच्या काही गोळ्या अशा असतात की त्या घेतल्या आणि जेवण चुकलं तर साखर एकदम खाली जाते. घाम, हाताला कंप, डोकं रिकामं. म्हणून प्रत्येक केबिनमध्ये या ऑफिसने एक स्टीलची डबी ठेवायला लावलीय, तिच्यात साखर आणि बिस्किटाचा पुडा. बाहेर चिकटपट्टीवर मराठीत लिहिलंय: गाडी कडेला, तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटं थांबा, मग पोटभर खा, बरं वाटलं तरी पाऊण तास स्टिअरिंगला हात नको. गेल्या पावसाळ्यात परशुरामला माती खाली आली आणि दोन तास रांग लागली. तात्यांनी सकाळी गोळी घेतली होती, जेवण पुढे खेडला करायचं ठरवलं होतं. रांगेतच हात थरथरायला लागले. डबी उघडली. रांग सुटली तेव्हा मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले, शिव्या दिल्या, त्यांनी टँकर कडेला तसाच उभा ठेवला, पाऊण तास. संध्याकाळी त्यांनी रिकामी डबी माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि म्हणाले, भरून द्या.

बाकीच्यांचं भराभर सांगतो. एकाचा रक्तदाब वाढलेला, त्याला कल्पनाच नव्हती. एक रात्री इतका घोरतो की क्लीनर केबिनमध्ये झोपत नाही, आणि दुपारी सिग्नलला त्याचे डोळे मिटतात. डॉक्टरांनी ही दोन वाक्यं जोडली आणि त्याला झोपेच्या तपासणीला पाठवलं. झोपेत श्वास अडकण्याचा आजार निघाला, मशीन लावून झोपतो, आता दुपारी जागा असतो. सर्दीच्या साध्या गोळीने झोप येते म्हणून ती घेऊन रात्रीची गाडी काढायची नाही, हा नियम आता आमच्याकडे क्लीनरलाही पाठ आहे.

छोट्या हत्तीचा पोरगा ३१ वर्षांचा. त्याच्याकडे साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाड्यांचं, लायसन्स. मला कायम धाकधूक असायची की माल भरलाय, ट्रान्सपोर्टची नोंद नाही, अडकणार. ताईंनी सांगितलं की ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी निकाल दिला: साडेसात हजार किलोच्या आतली मालगाडी एलएमव्ही लायसन्सवर चालते. माझी धाकधूक गेली. पण त्यांनी पुढचं वाक्यही बोललं, जे मला सुचलं नसतं. त्याला ट्रान्सपोर्टचं लायसन्स नको आणि चाळिशी दूर, म्हणजे डॉक्टरच्या कागदाची सक्तीही नाही. पुढची नऊ वर्षं त्याचे डोळे कुणी बघणार नाही. म्हणून त्यालाही त्या पट्टीवर उभं करतात. माझ्या आयशरचं भरलेलं वजन साडेसात हजारांच्या वर आहे, तिला हा निकाल लागू नाही, हे मुद्दाम लिहितो, कारण आमच्या स्टँडवर सगळे सगळ्या गाड्यांना तो लावतायत.

सगळंच गोड नाही. एक ड्रायव्हर तपासणीला नाही म्हणाला आणि सोडून गेला. दुसऱ्या मालकाकडे, जिथे कुणी विचारत नाही. माणूस चांगला होता, हात साफ होता. त्याच्या डोळ्यांचं काय आहे ते मला माहीत नाही आणि तो आजही याच हायवेवर आहे. माझ्या एकट्याच्या सहीने त्याची भीती गेली नाही, याचं मला वाईट वाटतं.

ऑफिसची स्वतःची एक चूकही झाली. माझी एक आयशर जुनी, बीएस-३, म्हणजे धुराच्या जुन्या नियमांतली. तिची पीयूसी सहा महिन्यांची. बीएस-४ आणि बीएस-६ ला वर्षभराची असते. ताईंच्या मुलीने सगळ्यांना वर्ष टाकलं आणि ती आयशर घाटात पकडली. ताईंनी दंड स्वतःच्या खिशातून भरला, मी नको म्हणत असताना, आणि त्या दिवसापासून प्रत्येक सर्टिफिकेटची छापलेली तारीख दोघीजणी वेगवेगळ्या वाचतात. ई-चलनावर हरकत घ्यायचं काम त्या करत नाहीत, ते तुम्हालाच करावं लागतं. रविवारी फोन उचलत नाहीत. आंब्याच्या दिवसांत, जेव्हा आम्हाला सगळ्यात जास्त गरज असते, तेव्हा तिथे रांग असते.

आंब्याच्या दिवसांवरून आमचं अजून मिटलेलं नाही. ताई प्रत्येक केबिनमध्ये एक वही ठेवतात, किती वाजता निघाला, कुठे थांबला, किती झोपला. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यापासून दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, असं लिहिलेलं आहे. एप्रिल-मेमध्ये पेट्या संध्याकाळी भरतात आणि पहाटे वाशीला पोचायच्या असतात, उशीर झाला तर भाव पडतो. माझी वही त्या महिन्यांत लाल होते. गेल्या सीझनला पहिल्यांदा मी लांबच्या फेऱ्यांना दोन ड्रायव्हर बसवले. फेरीमागे खर्च वाढला, बागायतदार वाढीव भाडं द्यायला तयार नव्हते, दोघांनी दिलं. बाकीच्यांशी यंदा बोलणार आहे.

पाचपैकी साडेचार देतो. अर्धा जिन्यासाठी आणि रविवारसाठी कापलाय.

जाणार असाल तर गुरुवारी सकाळी नऊच्या आधी जा, अकरानंतर खेडकडचे लोक येतात. गाडीचे सगळे कागद मूळ न्या, झेरॉक्स त्या घेत नाहीत. ड्रायव्हरचा जुना चष्मा असेल तर तो घ्यायला सांगा, आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्याही, नावं कुणाच्या लक्षात राहत नाहीत. उपाशीपोटी साखर बघतात, तेव्हा सकाळचा चहाही नको. जिन्याखाली एक टपरी आहे, तपासणी झाली की तिथे पोहे मिळतात. आणि ड्रायव्हरसोबत वर जा, पण डॉक्टरांच्या खोलीच्या बाहेर बसा.